मुलगी सोरोरिटीत जायचं म्हणते तेव्हा काय तपासायचं

प्रश्न नाशिकच्या एका आईचा आहे. मुलगी टेक्सासमधल्या विद्यापीठात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर. ऑगस्टमध्ये तिला सोरोरिटीच्या भरतीत उतरायचं आहे. सोरोरिटी म्हणजे अमेरिकी कॉलेजांतली, निवडून सदस्य घेणारी मुलींची संघटना. घरच्यांनी ती पाहिली फक्त इंग्रजी सिनेमांत: गुलाबी कपडे, पार्ट्या, श्रीमंत मुलींचे रुसवेफुगवे. मुलगी मात्र भगिनीभाव, विद्या, सेवा, नेतृत्व अशी मूल्यं सांगते. ही मूल्यं खरी की माहितीपत्रकापुरती? आणि खरी असली तर रोजच्या जगण्यात त्यांचा उपयोग काय?

ताई, मूल्यांची यादी जवळजवळ सगळ्या सोरोरिटींची सारखीच असते. ती वाचून काही कळत नाही. एखाद्या शाखेची (तिकडे तिला चॅप्टर म्हणतात) मूल्यं कळतात ती तीन ठिकाणी: पैशाच्या हिशोबात, आठवड्याच्या वेळापत्रकात, आणि एखादीचं चुकलं तर तिला ते कोण, कुठे आणि कसं सांगतं यात. खाली सगळं त्याच अंगाने लिहिलं आहे.

आधी हे प्रकरण सुरू कसं झालं ते थोडं, कारण साचेबंद समजुती मोडण्याचा मुद्दा तिथूनच येतो. इंडियाना राज्यातल्या ग्रीनकॅसल गावच्या कॉलेजाने, म्हणजे आजच्या डीपॉ विद्यापीठाने, १८६७ मध्ये मुलींना दारं उघडली. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक बेटी लॉक. मुलांच्या अशाच एका संघटनेने (फ्रॅटर्निटीने) तिला आपला बिल्ला लावायला देऊ केला, सदस्यत्व मात्र देऊ केलं नाही, अशी हकीकत सांगतात. तिने बिल्ला नाकारला आणि २७ जानेवारी १८७० रोजी तिघी मैत्रिणींबरोबर कॅपा अल्फा थीटा ही स्वतःची संघटना काढली. 'सोरोरिटी' हा शब्द तेव्हा या संघटनांना कोणी लावत नसे. १८८२ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठातले लॅटिनचे अध्यापक फ्रँक स्मॉली यांनी तो गामा फाय बीटाच्या मुलींना सुचवला. लॅटिन 'सोरोर' म्हणजे बहीण. संस्कृतातली 'स्वसृ' तिच्याच कुळातली. त्याच वर्षी पुण्यात पंडिता रमाबाई आर्य महिला समाज उभा करत होत्या. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण मुलीला सांगायला बरं.

कृष्णवर्णीय मुलींनी हे काम बरंच पुढे नेलं. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९०८ मध्ये अल्फा कॅपा अल्फा आणि १३ जानेवारी १९१३ रोजी डेल्टा सिग्मा थीटा स्थापन झाली. डेल्टाच्या २२ संस्थापक मुलींचं पहिलं जाहीर काम म्हणजे त्याच वर्षी ३ मार्चला वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात चालणं, तेही त्या मोर्चात कृष्णवर्णीय स्त्रिया नकोशा असताना. अल्फा कॅपा अल्फाने १९३५ पासून सात उन्हाळे मिसिसिपीत आरोग्यमोहीम चालवली. डॉ. डोरोथी फेरेबी तिच्या प्रमुख होत्या. ठरलं होतं एका ठिकाणी दवाखाना लावायचा. पण जमीनमालक आपल्या कुळांना मळ्याबाहेर दवाखान्यात जाऊ देईनात. मग या बायकांनी स्वतःच्या मोटारींत औषधं आणि लशी भरल्या आणि मळ्यामळ्यावर जाऊन मुलांना घटसर्प आणि देवीच्या लशी टोचल्या. 'सेवा' या शब्दाचा अर्थ मुलीला विचारायचा असेल तर हे उदाहरण समोर ठेवा. त्यात ठरलेली योजना फसली, अडथळा कुठे आहे ते त्यांनी शोधलं आणि पद्धत बदलली.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. अलाबामा विद्यापीठात सप्टेंबर २०१३ मध्ये 'क्रिमसन व्हाइट' या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने उघड केलं की उत्तम गुण असूनही एका कृष्णवर्णीय मुलीला पारंपरिक सोरोरिटींनी घेतलं नव्हतं. आतल्या काही मुलींना ती हवी होती. आडकाठी केली ती माजी सदस्यांनी. देशभर बोभाटा झाल्यावर विद्यापीठाने भरती पुन्हा उघडायला लावली. म्हणून शाखेतल्या मुली कशा आहेत एवढंच पाहून थांबायचं नाही. निर्णयावर माजी सदस्यांचा हात किती, तेही विचारायचं.

मुलीपुढे साधारण तीन प्रकारच्या संघटना असतील. पहिल्या २६ पारंपरिक सोरोरिटी, ज्यांची छत्रसंस्था १९०२ पासून आहे. कॉलेजात यांनाच पॅनहेलेनिक म्हणतात. टेक्सासच्या मोठ्या विद्यापीठांत यांची भरती बहुधा ऑगस्टमध्ये, वर्ग सुरू होण्याच्या आसपास होते. तीन-चार फेऱ्या असतात, दर फेरीला दोन्हीकडून पसंती नोंदवली जाते आणि शेवटी 'बिड', म्हणजे सदस्यत्वाचं निमंत्रण मिळतं. दुसऱ्या चार ऐतिहासिक कृष्णवर्णीय सोरोरिटी. त्यांत कोणत्याही वंशाच्या मुलीला अर्ज करता येतो, पण त्यांची प्रवेशप्रक्रिया दरवर्षी होईलच असं नाही आणि तयारी कितीतरी आधीपासून लागते. तिसऱ्या दक्षिण आशियाई सोरोरिटी. त्यांतल्या काहींचा जन्म टेक्सासमध्येच झाला: ऑस्टिनला कॅपा फाय गामा आणि ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा, दोन्ही १९९८ च्या, टेक्सास ए अँड एम विद्यापीठात डेल्टा कॅपा डेल्टा, १९९९ ची. न्यूयॉर्ककडे सिग्मा सिग्मा ऱ्हो, तीही १९९८ ची. यांची भरती सत्र सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत होते, मुली थोड्या असतात, खर्च बहुधा कमी येतो आणि सदस्यांना एकत्र राहायला संघटनेचं घर सहसा नसतं. ऑगस्टच्या भरतीत जमलं नाही म्हणून सगळं संपलं, असं मुलींना वाटतं. तसं नसतं.

आता हिशोब. मुलीने शाखेकडून पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च लेखी मागावा. 'ड्यूज (वर्गणी) किती?' एवढंच विचारलं तर उत्तर अर्धवट मिळतं. वेगवेगळं विचारायचं: राष्ट्रीय वर्गणी, शाखेची वर्गणी, नव्या सदस्याचं एकदाच घेतलं जाणारं शुल्क, पिनची (संघटनेच्या बिल्ल्याची) किंमत, विमा, घरात न राहणाऱ्यांनाही लागणारं घरशुल्क, जेवणाची सक्ती आहे का, कार्यक्रमाला न आल्यास दंड किती, आणि टी-शर्ट, फोटो, 'लिटल सिस्टर'च्या (जुन्या सदस्याकडे सोपवलेल्या नव्या मुलीच्या) भेटवस्तू. हा शेवटचा खर्च कुठेच लिहिलेला नसतो आणि घरचं अंदाजपत्रक कोसळतं ते नेमकं इथे. वर्गणीत घराचं भाडं धरलं आहे की नाही, हेही स्पष्ट करून घ्यावं. हप्ते आणि शिष्यवृत्तीची सोय आहे का, या प्रश्नाला खजिनदार किती सहजपणे उत्तर देते ते बघा. पैशाच्या प्रश्नाला नाक मुरडणारी शाखा 'सर्वांना सामावून घेतो' म्हणत असेल, तर ते सोडून द्या.

घराबद्दल एक दंतकथा तुमच्याही कानावर येईल: अमुक संख्येपेक्षा जास्त बायका एका छताखाली राहिल्या तर कायद्याने तो कुंटणखाना ठरतो, म्हणून काही कॉलेजांत सोरोरिटींना घरं नाहीत. अमेरिकेच्या कित्येक कॉलेजांत ही गोष्ट सांगतात आणि ती खोटी आहे. पारंपरिक सोरोरिटींच्या घरांत साधारणपणे दारूबंदी असते, हे मात्र खरं. शाकाहारी मुलीने घरच्या जेवणाची चौकशी करताना अंडं चालत नाही हे वेगळं सांगावं. तिकडे 'व्हेजिटेरियन' म्हटलं की अंडं चालतं असंच धरतात.

सेवेचाही हिशोब मागता येतो. समजा एका शाखेने पॅनकेक विकून पैसे उभे केले. १०० जण, दहा डॉलर तिकीट, म्हणजे १,००० डॉलर जमा. जागेचं भाडं ३००, साहित्य २५०, आणि ऐंशी जणींचे टी-शर्ट कार्यक्रमाच्या नावाने, ३५०. उरले १००. माहितीपत्रकात आकडा छापला जातो १,००० चा. त्याच ऐंशी जणींनी तीन-तीन तास प्रत्यक्ष काम केलं असतं तर २४० तास झाले असते. म्हणून दोन आकडे विचारायचे: खर्च वजा जाता संस्थेला किती गेले, आणि दर सदस्यामागे प्रत्यक्ष कामाचे तास किती. काही संघटनांचं काम अनेक दशकं एकाच विषयावर आहे. डेल्टा गामा १९३६ पासून दृष्टिहीनांसाठी काम करते, अल्फा काय ओमेगा कौटुंबिक हिंसेच्या प्रश्नावर. विषय ठरलेला असला की शाखेच्या मुलींना त्यातलं थोडंफार कळायला लागतं. दर वर्षी नवा विषय घेणाऱ्यांच्या हाती फोटोच राहतात.

वेळापत्रक: साप्ताहिक सभा एक-दीड तास, नव्या सदस्यांचा वर्ग एक तास, एखादा कार्यक्रम, आणि अभ्यासिकेचे सक्तीचे तास असतील तर तेही. आठवड्याला पाच-सहा तास धरून चाला. मोठ्या कार्यक्रमाच्या आठवड्यात ते दुपटीवर जातात. गुणांची किमान अट बहुतेक ठिकाणी असते. ती अट मोडणाऱ्या मुलीचं काय करतात, हा खरा प्रश्न आहे. चांगल्या शाखेत तिला कार्यक्रमांतून सूट देतात, त्या विषयात पुढे असलेल्या एखादीबरोबर बसवतात आणि सहा आठवड्यांनी पुन्हा बघतात. वाईट शाखेत तिला दंड लावतात आणि शिवाय कार्यक्रमालाही बोलावतात. प्रत्येक शाखेची सरासरी अनेक विद्यापीठं दर सत्राला जाहीर करतात. ती पूर्ण विद्यापीठातल्या मुलींच्या सरासरीशी ताडून बघावी.

आता रोजच्या जगण्यात सगळ्यात उपयोगी पडणारी गोष्ट. बहुतेक पारंपरिक शाखांत 'स्टँडर्ड्स' किंवा तशाच नावाची एक छोटी समिती असते. बाहेरून ती शिस्तपालन समिती वाटते. नीट चालली तर ती तोंडावर स्पष्ट बोलायची तालीम असते. आपल्याकडे मुलींना भांडण टाळायला शिकवतात किंवा पाठीमागे कुजबुजायला तरी. समोर बसून, आवाज न चढवता, 'तुझं हे चुकलं' म्हणायला फार थोड्या घरांत शिकवतात. समितीची पद्धत साधारण अशी असते. तक्रार लेखी आणि नावानिशी घ्यायची. निनावी तक्रारीवर सुनावणी नाही (लैंगिक गैरवर्तन किंवा छळाची तक्रार याला अपवाद, ती थेट विद्यापीठाकडे जाते). मुलीला दोन-तीन दिवस आधी विषय सांगून बोलवायचं, ग्रुपवर नाही. एका बैठकीत एकच वर्तन घ्यायचं, तारखेसह: 'तू बेजबाबदार आहेस' म्हणायचं नाही, 'शुक्रवारी तुझी गाडी चालवायची पाळी होती आणि तू साडेअकराला फोन बंद केलास' असं म्हणायचं. 'आम्हा सगळ्यांना वाटतं' या शब्दांना बंदी. मग गप्प बसून तिचं ऐकायचं. तिच्याकडे बहुतेक वेळा काहीतरी कारण असतं: आजारपण, पैसे, एखादा मुलगा, एखादी नोकरी. शेवटी एक ठरलेली गोष्ट आणि तिची मुदत लिहून काढायची, आणि खोलीबाहेर त्यावर चर्चा करायची नाही.

हे कुठे बिघडतं? समितीत सगळ्या एकाच टोळक्यातल्या असल्या की. समाजमाध्यमांवरचे फोटो आणि कपडे हेच तक्रारींचे विषय झाले की. आणि नियम अध्यक्षीणबाईंच्या मैत्रिणींना लागू होत नसले की. मुलीने भरतीच्या गप्पांत सरळ विचारावं, 'मागच्या वर्षी स्टँडर्ड्सकडे साधारण कोणत्या प्रकारच्या तक्रारी आल्या?' नावं सांगू नयेतच, पण प्रकार सांगायला हरकत नसते. उत्तर देताना मुली एकमेकींकडे बघू लागल्या तर समजून जावं.

ही सवय पुढे कुठेही कामाला येते: भाड्याच्या घरात भांडी न घासणारी रूममेट, गटप्रकल्पात नावापुरता असलेला मुलगा, नोकरीत तुमच्या मुलीचं काम स्वतःच्या नावावर खपवणारा वरिष्ठ. तारीख, घटना, परिणाम, मागणी. चार वाक्यं, बस्स.

साचेबंद समजुतींचं म्हणाल, तर भारतीय मुलीला तिकडे दोन बाजूंनी साच्यात बसवतात. सोरोरिटीतली म्हणून ती उथळ आणि उधळी. भारतीय म्हणून अभ्यासू, अबोल, सांगितलं तेवढं चोख करणारी. दुसरा साचा जास्त घातक, कारण तो कौतुकाच्या वेषात येतो. पारंपरिक शाखेत जात असेल तर आजवरच्या दोन-तीन वर्षांतली पदाधिकाऱ्यांची यादी बघायला सांगा. दक्षिण आशियाई मुलींच्या वाट्याला फक्त अभ्यासप्रमुख किंवा विविधताप्रमुख अशी पदं येतात का? की खजिनदारी, भरतीप्रमुख, अध्यक्षपदही येतं? खजिनदारी मिळवण्यासारखी आहे. मोठ्या शाखेचं वार्षिक अंदाजपत्रक एखाद्या छोट्या व्यवसायाएवढं असतं, आणि थकलेली वर्गणी मैत्रिणीकडून वसूल करताना, मैत्री न तोडता, जे शिकायला मिळतं ते कोणत्याही वर्गात मिळत नाही. दक्षिण आशियाई सोरोरिटीत ही पदं आपोआप आपल्याकडच्या मुलींच्याच वाट्याला येतात, पण तिथे वेगळा धोका असतो: 'खरी देसी कोण' याचा साचा. हिंदी न येणारी, तमिळ, बांगलादेशी, केरळची ख्रिस्ती मुलगी तिथे कितपत मोकळी आहे ते बघावं. तुमची मराठी मुलगी बॉलिवूडच्या नाचात रमणार नसेल तर तिलाही हे लागू.

रात्रीच्या बाहेर जाण्याबद्दल तुम्हाला काळजी असणार. नीट शाखेत 'सोबर सिस्टर' नेमतात: त्या रात्री न पिणाऱ्या, फोन चालू ठेवणाऱ्या, नावानिशी ठरवलेल्या. साधारण दहा-बारा जणींमागे एक असावी. जितक्या गेल्या तितक्या परतल्या का, हे मोजून मगच त्यांनी झोपायचं. व्यवस्था कोसळते ती पाळी नव्या मुलींवरच लादली की. वडीलधाऱ्या मुलीला 'आता घरी चल' म्हणायची हिंमत नवख्या मुलीत नसते. २१ पेक्षा लहान मुलीला दारू बेकायदा आहे, आणि एफ-१ वर असताना पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली तर खटल्याचा निकाल लागण्याआधीसुद्धा व्हिसा रद्द होऊ शकतो. पण एखादी बेशुद्ध पडली तर ९११ ला फोन करायला कचरू नये. टेक्सासच्या कायद्यात पहिला फोन करणाऱ्या, तिथेच थांबणाऱ्या आणि पोलिसांना सहकार्य करणाऱ्या, २१ पेक्षा लहान व्यक्तीला दारू प्यायल्याच्या गुन्ह्यातून संरक्षण आहे.

हेझिंग, म्हणजे नव्यांचा छळ; आपल्याकडचं रॅगिंग. दीक्षाविधी गुप्त असतो आणि त्यात वावगं काही नाही. पण विधीखेरीज इतर काहीही 'कोणाला सांगू नकोस' म्हणून करायला लावलं की तिथेच थांबायचं. झोपू न देणं, पाठांतर चुकल्यावर शिक्षा, मोठ्या मुलींची कामं, फोन काढून घेणं, विशिष्ट रंगाचे कपडे घालू न देणं, हेही हेझिंगच. मारहाण किंवा दारूच असावी लागते असं नाही. टेक्सासमध्ये 'तिची संमती होती' हा बचाव चालत नाही, आणि प्रत्यक्ष माहिती असून न कळवणं हाही गुन्हा आहे. म्हणजे 'मी काही केलं नाही, फक्त बघितलं' म्हणणारी मुलगीही अडकते. करायचं ते असं: संदेशांचे स्क्रीनशॉट तारखेसह स्वतःला ईमेल करून ठेवायचे, डीन ऑफ स्टुडंट्सच्या (विद्यापीठातल्या विद्यार्थीविषयक अधिकाऱ्याच्या) कार्यालयात लेखी कळवायचं, शाखेच्या मुलींशी त्यावर वाद घालत बसायचं नाही. डिसेंबर २०२४ च्या केंद्रीय कायद्यामुळे विद्यापीठांना हेझिंगबद्दल दोषी ठरलेल्या संघटनांचा अहवाल जाहीर करावा लागतो. भरतीला जाण्याआधी तो नाशिकहून तुम्हालाही वाचता येईल.

व्हिसाबाबत आणखी एक: सदस्यत्व म्हणजे नोकरी नव्हे, त्याने काही बिघडत नाही. पण पदाच्या बदल्यात भाड्यात सूट किंवा मानधन मिळत असेल तर ते काम धरलं जाऊ शकतं. स्वीकारण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारून लेखी उत्तर घ्यावं.

राहिली सही. पारंपरिक भरतीच्या शेवटच्या फेरीनंतर मुलीकडून एका बंधनकारक अर्जावर पसंतीक्रम घेतात. त्यात लिहिलेल्या एखाद्या शाखेची बिड आली आणि तिने ती नाकारली, तर त्या कॉलेजात या २६ पैकी कोणत्याही सोरोरिटीत पुढच्या मुख्य भरतीपर्यंत तिला जाता येत नाही. म्हणून जिथे खरंच जायचं नाही त्या शाखेचं नाव 'असू दे, काय जातंय' म्हणून लिहायचं नाही. एकच नाव लिहायलाही परवानगी असते, आणि सही न करता बाहेर पडायलाही. हा अर्ज फेरी संपल्यावर लगेच, थकलेल्या डोक्याने भरायचा असतो. तिला घरी बोलावंसं वाटेल. टेक्सासमध्ये तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील तर तुमच्याकडे रात्रीचे साडेबारा. त्या रात्री फोन उशाशी ठेवा, आवाज चालू करून.